मोबाईलवरचं भाडं: दहा टायर गाडीला लोड ॲप कितपत कामाचं?

उत्तर आधीच देऊन टाकतो. माल आणि गाडी मोबाईलवर जुळवून देणारं लोड ॲप परतीचं भाडं शोधायला जरूर ठेवा. आपल्या घरच्या अड्ड्यावरून गाडी भरताना मात्र त्याच्यावर विसंबू नका. आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरात जो आकडा दिसतो, तो पाहून कधीच गाडी लावू नका, कारण तो आकडा ट्रिपचा असतो आणि गाडीचा हप्ता दिवसावर चालतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत ही सेवा चांगलीच पसरली आहे. बंगळुरूच्या झिंका लॉजिस्टिक्सचं ब्लॅकबक २०१५ पासून आहे आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ती कंपनी शेअर बाजारातही आली. ‘वाहक’ आणि त्याच धर्तीची इतरही ॲप आहेत. हा मजकूर कुठल्या एका ॲपची तक्रार किंवा जाहिरात नाही. एक-दोन गाड्यांचा मालक, किंवा स्वतःच स्टेअरिंगवर बसणारा मालक, याच्या हिशोबाने ही सेवा काय देते आणि काय देत नाही, एवढंच इथे तपासलं आहे.

वापरायला अडचण नाही. आरसी, पॅन, आधार आणि बँक खातं एकदा चढवलं की कुठून, कुठे, कोणती गाडी, किती टन एवढं टाकायचं आणि यादी समोर येते. प्रत्येक लोडखाली माल, टन, भाडं, ॲडव्हान्सचे टक्के आणि फोनचं बटण. भाषा मराठी निवडता येत असेल तर निवडा, पण ‘पेमेंट टर्म’सारखी खरी महत्त्वाची ओळ बहुतेक वेळा खाली बारीक अक्षरात असते. ती उघडून वाचल्याशिवाय फोन लावू नये.

आता हिशोब. भिवंडी ते बंगळुरू, नेलमंगलाला माल खाली, अंतर साधारण १,००० किलोमीटर, भाडं ४८,००० असं लोड दिसलं असं धरा. त्याच वेळी भिवंडी ते हैदराबाद, ७०० किलोमीटर, ३६,००० असंही एक आहे. बहुतेक जण पहिल्यावर बोट ठेवतात.

पहिल्याचा खर्च मांडू. भरलेल्या दहा टायरला लिटरमागे चारचं ॲव्हरेज धरलं तर २५० लिटर डिझेल, नव्वदच्या भावाने २२,५००. बीएस ६ गाडीला डिझेलच्या पाच टक्क्यांच्या आसपास डीईएफ (धुरातले घातक वायू कमी करणारं द्रव) लागतं, म्हणजे बारा लिटर, साधारण ७२०. टोल साडेपाच हजार धरा. ड्रायव्हरचा पगार, भत्ता आणि खुराकी मिळून दिवसाला ८०० धरले तर पाच दिवसांचे ४,०००. काटा (वजन), मुन्शी (माल मोजणारा कारकून), हमाली २,०००. दलाली किंवा ॲपचं कमिशन १,०००. एकूण ३५,७२०. हातात उरले १२,२८०. भरायला एक दिवस, रस्त्यावर तीन, खाली करायला एक, असे पाच दिवस. दिवसाला २,४५६ रुपये.

हैदराबादचं तसंच मांडलं तर डिझेल १५,७५०, डीईएफ ५००, टोल ३,५००, चार दिवसांचे ड्रायव्हरचे ३,२००, काटा-हमाली १,५००, कमिशन १,०००. खर्च २५,४५०, उरले १०,५५०. चार दिवसांनी भागा: दिवसाला २,६३७. बारा हजारांनी कमी दिसणारं भाडं दिवसाला पावणेदोनशेने जास्त देतं.

हे उरलेले पैसे म्हणजे नफा नव्हे. गाडीचा महिन्याचा हप्ता ६६,००० असेल तर दिवसाचे २,२०० तिथेच गेले. थर्ड पार्टी विम्याचा प्रीमियम २० ते ४० टनांच्या माल गाडीला २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे ४३,९५० आहे, त्यावर जीएसटी वेगळा, म्हणजे दिवसाचे निदान १२०. टायर, ग्रीसिंग, क्लच प्लेट, पासिंग हे अजून यायचं आहे. बंगळुरूच्या लोडमध्ये पाचाचे सात दिवस झाले की ड्रायव्हरचे १,६०० वाढतात, उरतात १०,६८० आणि दिवसाला पडतात १,५२५. म्हणजे हप्तासुद्धा निघत नाही. गाडीत काही बिघडलं नाही, रस्त्यात कोणी अडवलं नाही, डिझेल कोणी चोरलं नाही. फक्त गोडाऊनच्या गेटबाहेर दोन दिवस उभी राहिली.

आणि नेमकी हीच माहिती ॲपवर नसते. माल कुठे पोचवायचा हे कळतं, तिथे गाडी किती वेळ उभी राहते हे कळत नाही. अड्ड्यावरचा जुना दलाल फोन न उचलताच सांगतो, ‘त्या गोडाऊनला शनिवारी जाऊ नको, सोमवारी दुपारी नंबर लागेल.’ चाळीस वर्षं त्याच रस्त्यावर गाड्या लावलेल्या माणसाकडे जे असतं ते या सेवेने अजून कमावलेलं नाही. ज्या दिवशी लोडच्या खाली ‘या ठिकाणी मागच्या वीस गाड्या सरासरी किती तास उभ्या होत्या’ असं दिसायला लागेल त्या दिवशी या सेवेला पूर्ण गुण द्यावे लागतील. जीपीएसमुळे हा आकडा त्यांच्याकडे सहज जमा होऊ शकतो. तो ड्रायव्हरला दाखवायला हवा.

तोवर फोनवर विचारायचे प्रश्न आपले आपण ठेवायचे. माल खाली करणारी पार्टी रविवारी सुरू असते का? गाडी अपॉइंटमेंटवर घेतात की नंबरावर? हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी ठेवल्याचे पैसे, किती तासांनी सुरू होतं आणि दिवसाला किती? बरेच जण ४८ तास फ्री म्हणतात. ते ४८ तास गाडी गेटवर लागल्यापासून मोजायचे की आत घेतल्यापासून, हे ठरवून घ्या, कारण सगळी भांडणं याच एका शब्दावर होतात. ठरलं की व्हॉट्सॲपवर दोन ओळीत लिहून घ्या आणि पोचल्यावर गेटच्या रजिस्टरमध्ये वेळ टाकून त्याचा फोटो काढा. सिक्युरिटीवाला रजिस्टर देत नसेल तर गेटसमोर गाडीचा नंबर आणि कंपनीचा बोर्ड एकत्र येईल असा लोकेशनसकट फोटो चालतो. हा पुरावा नसेल तर हॉल्टिंग मागूच नका, मिळत नाही.

पोचायच्या वेळेच्या बाबतीत ई-वे बिलाकडे, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाईन कागदाकडे, बघायची सवय हवी. २०२१ च्या जानेवारीपासून साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे हजार किलोमीटरला पाच दिवस. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण मुदत सुरू होते ती पार्ट बी मध्ये गाडीचा नंबर पहिल्यांदा पडल्यापासून. ऑफिसवाले सकाळीच नंबर टाकून मोकळे होतात आणि गाडी भरून निघते रात्री अकराला किंवा दुसऱ्या दिवशी. पुढे खाली करायच्या ठिकाणी दोन दिवस रखडलं की मुदत संपलेल्या बिलावर भरलेली गाडी रस्त्याच्या कडेला उभी असते. मुदत वाढवता येते, पण ती संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच. ते काम कोण करणार, ट्रान्सपोर्टर की माल पाठवणारा, हे भरतानाच विचारायचं. ॲपवरून थेट लोड घेतलं की मध्ये ट्रान्सपोर्टरचं ऑफिस नसतं आणि मग रात्री दोनला फोन उचलायला कोणी नसतं.

वजनाच्या रकान्याबद्दल सावध राहा. २०१८ मध्ये एक्सलचं वजन वाढवलं तेव्हा तीन एक्सलच्या, म्हणजे दहा टायरच्या गाडीचं एकूण वजन २५ टनांवरून साडेअठ्ठावीस टनांवर गेलं. बॉडीसकट रिकामी गाडी दहा टनांची असेल तर माल साडेअठरा टन. आपली नेमकी आकडेवारी आरसीवर असते, तीच धरायची. तरीही ‘दहा टायर, २१ टन, २२ टन’ अशी लोड यादीत दिसतात, आणि टनावर भाडं असल्याने ती गोड वाटतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा आहे. साडेएकवीस टन भरले तर तीन टन जास्त, म्हणजे २६,०००, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. तीन टनांचं जास्तीचं भाडं हिशोबात धरलं तरी एका पकडीत दोन-तीन ट्रिप जातात. त्यात खंबाटकी चढताना क्लच जळतो आणि मागचे टायर लवकर उतरतात ते वेगळं.

भाडं टनावर असेल तर दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली, गॅरंटी. ‘अठरा टन गॅरंटी’ म्हणजे पार्टीने पंधरा टनच भरले तरी भाडं अठराचं. हा शब्द नसेल तर हलका माल भरून गाडी आकाराने फुल होते आणि भाडं पंधराचं मिळतं. दुसरी, भाडं भरतीच्या काट्यावर की खाली करायच्या काट्यावर. लासलगाव-पिंपळगावहून कांदा घेऊन चेन्नईच्या कोयंबेडूला जाणाऱ्यांना याचं महत्त्व सांगायला नको. कांदा वाटेत सुकतो, वजन उतरतं आणि ते नैसर्गिक असतं. भाडं उतरलेल्या वजनावर असेल तर घट तुमच्या खिशातून जाते, आणि वर शॉर्टेज म्हणून मालाची किंमतही कापली तर दुहेरी मार. कांद्याचं लोड ॲपवर घेताना किती टक्के घट मान्य, ते बिल्टीवर (माल पाठवल्याच्या पावतीवर) लिहून घ्यावं. ताडपत्रीही पूर्ण आवळायची नाही, बाजू मोकळ्या ठेवायच्या. पावसाळ्यात भिजायच्या भीतीने गच्च बांधलेला कांदा दोन दिवसांत घामेजतो, आणि उशिराबद्दल भाड्यातून होणाऱ्या कटिंगपेक्षा सडलेल्या मालाची कटिंग जास्त बसते.

हमालीचा प्रश्न ॲपने सोडवलेला नाही, उलट थोडा झाकला आहे. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही महाराष्ट्रातल्या ट्रकवाल्यांची जुनी मागणी. भरणं-उतरवणं हे माल मालकाचं काम, तरी वाराईच्या नावाने पैसे गाडीवाल्याकडून घेतले जातात. माथाडी कामगाराला त्याच्या कष्टाची पूर्ण मजुरी मिळालीच पाहिजे, त्यात वाद नाही. ती कोणी द्यायची एवढाच वाद आहे. स्क्रीनवरच्या भाड्यात ‘लोडिंग-अनलोडिंग पार्टीकडे’ असं स्पष्ट लिहिलं नसेल तर ते तुमच्याकडे आहे असंच समजून दोन हजार कमी करून भाडं बघा.

पैशाच्या बाबतीत या सेवेची बाजू बऱ्यापैकी चांगली आहे. ॲडव्हान्स थेट खात्यात येतो, रक्कम आणि तारीख दिसते, दलालाच्या टेबलासमोर बसून राहावं लागत नाही. ऐंशी-नव्वद टक्के ॲडव्हान्स आणि उरलेली बाकी पोच (माल मिळाल्याची पावती) दिल्यावर, अशी पद्धत बाजारात आहे तीच इथेही. अडकते ती बाकी. पोचेचा फोटो चालतो की मूळ कागद कुरिअरने पाठवायचा, आणि कागद मिळाल्यापासून किती दिवसांनी पैसे, हे आधी विचारा. पोच घेताना सही, शिक्का, तारीख आणि नग चारही बघा. शिक्का आहे पण तारीख नाही, अशा पोचेवर हॉल्टिंग कधीच सिद्ध होत नाही. मालाला काही झालेलं नसताना मुन्शीने ‘मोजणी बाकी’ असं लिहिलं तर मोजणी होईपर्यंत हलू नका. त्या दोन शब्दांवर बाकी महिनाभर लटकते.

टीडीएसचंही तसंच. दहा किंवा त्याहून कमी माल गाड्यांच्या मालकाने पॅन आणि तसं घोषणापत्र दिलं तर त्याच्या भाड्यातून टीडीएस कापायचा नसतो. ॲपवर नोंदणी करताना हे घोषणापत्र चढवायची सोय असेल तर पहिल्याच दिवशी चढवा. एक टक्का म्हणजे ४८,००० वर ४८०, लहान वाटतो, वर्षाचा मोठा होतो.

फसवणुकीबद्दल एकच पण कळकळीचं सांगणं. लष्कराचा माल आहे, घर हलवायचं आहे, असं सांगून चढं भाडं बोलणारे आणि ‘ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारे फोन गाडीवाल्यांना येतात. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्याकडून जाणार आहेत. गेट पास, टोकन, नोंदणी अशा नावाने गाडी भरायच्या आधी पैसे मागणाऱ्याचा माल नसतोच.

परतीच्या भाड्यात मात्र ही सेवा आपली किंमत वसूल करून देते. बंगळुरूहून भिवंडीला रिकामं यायचं म्हटलं तर सहाच्या ॲव्हरेजने १६६ लिटर डिझेल, टोल भरलेल्या गाडीइतकाच, ड्रायव्हरचे तीन दिवस, सगळं मिळून बावीस-तेवीस हजार. जातानाचे बारा हजार तर जातातच, वर दहा-अकरा हजार खिशातून. अनोळखी शहरात जुना दलाल नसतो, भाषा वेगळी, आणि पूर्वी ट्रान्सपोर्ट नगरात तीन-तीन दिवस बसावं लागायचं. आता गाडी खाली व्हायच्या आदल्या रात्रीच हुबळी, दावणगेरे, तुमकूर अशा वाटेवरच्या ठिकाणची लोड बघता येतात. इथे किती थांबायचं याचा हिशोब सोपा आहे. उभ्या गाडीचा दिवस हप्ता, विमा आणि ड्रायव्हर मिळून ३,००० च्या वर पडतो. एक दिवस थांबून भाडं तीन हजारांपेक्षा जास्त वाढणार असेल तरच थांबा. दिवाळी, होळी आणि छठच्या आसपास उत्तरेकडचे ड्रायव्हर गावी जातात, गाड्या कमी पडतात, तेव्हा थांबणं परवडतं. महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांतही कंपन्यांना माल काढायचा असतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मिळेल ते उचला.

आता ड्रायव्हरकडे, कारण या सगळ्या यादीत त्याच्यासाठी रकानाच नाही. मालक लोड घेतो, वेळ कबूल करतो, आणि ती वेळ पाळायची असते दुसऱ्याने. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास आखून दिले होते आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. हजार किलोमीटर घाट आणि ट्रॅफिक धरून ताशी पस्तीसच्या सरासरीने साडेअठ्ठावीस तास होतात, म्हणजे आठ तासांच्या हिशोबाने एका ड्रायव्हरला साडेतीन दिवस; वर धरलेले तीन दिवस ताणूनच होतात. ‘४८ तासांत पोच’ असं लिहिलेलं लोड दोन ड्रायव्हर असतील तरच घ्यावं, आणि दुसऱ्या ड्रायव्हरचे पैसे भाड्यात मागून घ्यावेत.

पगाराची पद्धत तर थेट अपघाताशी जोडलेली आहे. महिन्याचा पगार आणि वर भत्ता असेल तर ड्रायव्हर सावकाश चालवतो, मालक कुरकुरतो. किलोमीटरवर पैसे असले की झोप कमी होते. सगळ्यात वाईट म्हणजे ट्रिपची खर्ची, म्हणजे वाटखर्चाची रक्कम, बांधून देणं आणि वाचलेलं डिझेल ड्रायव्हरचं. मग बंगळुरूहून येताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंतच्या उतारावर गाडी न्यूट्रल होते. न्यूट्रलमध्ये इंजिन ब्रेक आणि एक्झॉस्ट ब्रेक दोन्ही निकामी, अठरा टन माल फक्त ब्रेकच्या ड्रमवर, ब्रेकचे लायनर तापून धरेनासे होतात आणि पुढे शहराची वाहनं उभी. त्यात डिझेलही वाचत नाही. आताच्या सीआरडीआय इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल पूर्ण बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. हे ड्रायव्हरला सांगा, आणि खर्ची बांधायचीच असेल तर ॲव्हरेजचं बक्षीस जीपीएसमध्ये उतारावरचा वेग बघून द्या.

ट्रॅकिंगबद्दल ड्रायव्हरने एक जाणून घ्यावं. सिमवरून लोकेशन बघायची संमती एसएमएसवर मागतात. माल खाली झाल्यावर ती ट्रिप बंद केली का, हे ऑफिसला विचारायचा त्याला हक्क आहे.

कोणी घ्यावं? ज्याची गाडी महिन्यात दोन-तीन वेळा अनोळखी शहरात रिकामी होते त्याने नक्की. ज्याचं चाकण किंवा तळोज्याच्या एखाद्या कंपनीशी बांधील काम आहे आणि परतीचंही तीच कंपनी देते, त्याला गरज नाही. नवीन गाडी घेऊन पहिल्यांदा धंद्यात येणाऱ्याने सहा महिने दलाल आणि ॲप दोन्ही ठेवावेत, आणि प्रत्येक लोड घेण्यापूर्वी डायरीत भाडं, खर्च आणि दिवस असे तीनच रकाने मांडावेत. गाडी खाली झाली की चौथ्या रकान्यात खरे लागलेले दिवस लिहावेत, सोबत गोडाऊनचं नाव.